आयडियलपाशी अडणारी मुलं

टी. वाय. बी.एस्सी.ला रिंग थिअरी शिकवताना आयडियलची व्याख्या फळ्यावर लिहिली, की पुढच्या दोन-चार तासांत एक प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, सबरिंग आणि आयडियल यांत नेमका फरक काय?’ कधी पहिल्या बाकावरचा, दोन-तीन पुस्तकं चाळून आलेला मुलगा तो विचारतो. कधी रोज एसटीनं तालुक्याहून येणारी, वर्गात एरवी तोंड न उघडणारी मुलगी तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन विचारते. अभ्यासक्रम बदलतात, सत्र पद्धत येते, क्रेडिट येतात, पण हा प्रश्न काही बदलत नाही. त्या अख्ख्या पेपरमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी यालाच मानते. आणि व्याख्या पुन्हा वाचून दाखवणं हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण व्याख्या मुलांना पाठच असते.

गणिताशी संबंध सुटलेल्या वाचकांसाठी आधी दोन शब्द. जिथे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतात आणि त्यांचे ओळखीचे नियम चालतात, असा संच म्हणजे रिंग. भागाकाराची हमी नाही. पूर्णांक ही पहिली रिंग. बहुपदींची रिंग असते, मॅट्रिक्सची असते. अशा रिंगच्या आत एखादा लहान संच असा असतो, की त्यातल्या त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार कितीही केले तरी उत्तर त्याच्या बाहेर जात नाही. ती झाली सबरिंग. आयडियलची अट याहून कडक आहे. आतल्या घटकाला रिंगमधल्या कुठल्याही घटकानं गुणा, मग तो बाहेरचा का असेना, गुणाकार आतच पडला पाहिजे.

एवढं सरळ असताना मुलं अडतात कुठे? पूर्णांकांपाशी. रिंगची आपली पहिली उदाहरणं म्हणजे पूर्णांक आणि मॉड ६, मॉड १० अशा मर्यादित रिंगा, जिथे ६ नं किंवा १० नं भागून उरलेली बाकीच धरायची. पूर्णांकांत गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज. सातानं गुणायचं म्हणजे तीच संख्या सात वेळा मिळवायची. त्यामुळे बेरीज-वजाबाकीत बाहेर न जाणारा कुठलाही संच तिथे आपोआप आयडियल होतो. समसंख्या घ्या, तिनाच्या पाढ्यातल्या संख्या घ्या, कुठल्याही संख्येच्या पटी घ्या. बेरजेचा उपगट, सबरिंग आणि आयडियल, तिन्हींची यादी एकच. मॉड १० मध्येही तसंच. मुलगी प्रामाणिकपणे वहीत पाहते, तिला दोन व्याख्या दिसतात, दोन्हींखाली तीच उदाहरणं दिसतात, आणि ती विचारते की फरक काय. तिनं नीट पाहिलं म्हणूनच तिला प्रश्न पडला. ज्यांनी पाहिलं नाही ते गप्प बसतात आणि व्याख्या लिहून पाच गुण मिळवतात.

म्हणून मी लगेच परिमेय संख्यांकडे जाते. सगळे अपूर्णांक आणि पूर्णांक मिळून परिमेय संख्यांची रिंग. तिच्या आत पूर्णांक बसलेले आहेत. पूर्णांकांची आपसांत बेरीज करा, गुणाकार करा, पूर्णांकच मिळतो, म्हणजे ही सबरिंग. आता १ घ्या आणि बाहेरच्या अर्ध्यानं गुणा. अर्धा मिळाला, तो पूर्णांक नाही. आयडियलची अट मोडली. उदाहरण एका ओळीचं आहे आणि वर्गातल्या बहुतेकांना ते पटतं.

पण एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलानं पुढचा प्रश्न टाकला, आणि तेव्हापासून मी त्या प्रश्नाची वाटच पाहत असते. ‘मॅडम, पूर्णांकांचं आपसांत छान चाललंय की. त्यांना बाहेरच्यानं गुणायचंच कशाला?’

हा ‘कशाला’ फार मोलाचा आहे. कडक अट कोणी उगीच लावत नाही, तिच्यामागे काहीतरी गरज असते आणि ती गरज व्याख्येच्या ओळीत लिहिलेली नसते. मी मुलांना शाळेतल्या सम-विषमाकडे नेते. सम अधिक विषम बरोबर विषम, विषम गुणिले विषम बरोबर विषम, सम गुणिले काहीही बरोबर सम. इथे आपण काय केलं? सगळ्या समसंख्या एका गठ्ठ्यात घातल्या आणि त्या गठ्ठ्याला शून्य मानलं. उरलेल्या सगळ्या विषम संख्या झाल्या एक. दोनच घटकांची नवी रिंग तयार झाली. एखाद्या संचाला शून्य मानायचं ठरवलं, तर त्यानं शून्यासारखं वागायला हवं. शून्याला कशानंही गुणलं तरी शून्य येतं. म्हणून त्या संचातल्या घटकाला कशानंही गुणलं तरी उत्तर त्याच संचात पडलं पाहिजे. ती कडक अट इथून आली.

हे सांगून मी थांबत नाही. मुलांना वहीत करून पाहायला लावते, कारण ऐकलेलं पटलं तरी हातात उतरत नाही. परिमेय संख्यांमध्ये पूर्णांकांना शून्य मानून बघा, म्हणते. म्हणजे ज्या दोन संख्यांत पूर्णांकाचा फरक आहे त्या एकच समजायच्या. मग १/२ आणि ३/२ एकच झाले. बेरीज करून पहा. बेरजेत काहीही बिघडत नाही, हवी तेवढी करा. आता गुणाकार. १/२ ला १/२ नं गुणा, १/४ आला. त्याच ‘एकच’ संख्येचं दुसरं रूप ३/२ घ्या आणि १/२ नं गुणा, ३/४ आला. १/४ आणि ३/४ यांत फरक अर्ध्याचा, पूर्णांकाचा नाही. म्हणजे एकाच गणिताची दोन वेगळी उत्तरं आली. वर्गात इथे कुजबुज सुरू होते. कोणीतरी म्हणतं, ‘मग गुणाकार लिहिताच येणार नाही.’ बरोबर, लिहिताच येणार नाही. पुस्तकात ‘वेल-डिफाइन्ड’ म्हणून जी तीन ओळींची सिद्धता असते आणि जी मुलं अक्षरशः डोळे मिटून म्हणतात, तिचा अर्थ या चार अपूर्णांकांत आहे. आयडियल असेल तरच क्वोशंट रिंग होते, सबरिंग असून भागत नाही. फरक काय या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे: सबरिंगमध्ये राहता येतं, आयडियलनं भागता येतं.

ज्यांनी आधी ग्रुप थिअरी नीट केली आहे त्यांना इथे नॉर्मल सबग्रुप आठवतो. न सांगता आठवला तर फारच चांगलं, सांगावं लागलं तरी हरकत नाही.

दुसरी मोठी अडचण १ या आकड्याची. मुलं विचारतात, ‘प्रत्येक आयडियल ही सबरिंग असते का?’ याचं उत्तर तुम्ही कुठलं पुस्तक उघडलं आहे यावर अवलंबून आहे. हर्स्टाइनच्या ‘टॉपिक्स इन अल्जिब्रा’मध्ये रिंगला एकक (गुणाकारात १ चं काम करणारा घटक) असलंच पाहिजे अशी सक्ती नाही. त्या व्याख्येनं समसंख्या ही सबरिंग ठरते आणि प्रत्येक आयडियलही. पण रिंगमध्ये १ असायलाच हवा आणि सबरिंगमध्येही तोच १ हवा, असं मानणारी पुस्तकं अनेक आहेत. त्यांच्या मते समसंख्या ही सबरिंग नाहीच, कारण तिच्यात १ नाही. आयडियलमध्ये १ आला तर आतल्या १ ला कशानंही गुणून सगळी रिंगच आत येते. म्हणजे या व्याख्येनं, पूर्ण रिंग सोडली तर, एकही आयडियल सबरिंग नसतो. एका पुस्तकात ‘नेहमी’, दुसऱ्यात ‘जवळजवळ कधीच नाही’. नेट-सेटची तयारी करणारी मुलं चार पुस्तकांच्या आणि क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स घेऊन बसतात, एका प्रश्नाची दोन उत्तरं त्यांना सापडतात आणि आपल्यालाच काही कळत नाही असं ती धरून चालतात. तसं अजिबात नाही. हा मतभेद विषयाच्या जन्मापासून आहे. फ्रेंकेलनं १९१४ मध्ये रिंगची जी व्याख्या मांडली तिच्यात एकक होतं. एमी नोएथरनं १९२१ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ती अट ठेवली नाही. दोन्ही वाटा तेव्हापासून चालू आहेत.

या १ वरून वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते. मॉड १० च्या रिंगमध्ये ०, २, ४, ६, ८ हा संच आयडियल आहे, हे सगळे लिहून घेतात. एका मुलानं घरी त्याचा गुणाकाराचा तक्ता मांडला आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. त्याला ६ ची ओळ विचित्र वाटली होती. सहा दुणे बारा, म्हणजे २. सहा चोक चोवीस, म्हणजे ४. सहा सख छत्तीस, म्हणजे ६. सहा आठे अठ्ठेचाळीस, म्हणजे ८. ‘मॅडम, १ आत नाहीये, पण ६ तर १ चंच काम करतोय!’ मी त्याला म्हटलं, आता ०, ५ हा संच बघ. पाच पंचे पंचवीस, म्हणजे ५. तिथे ५ हा एकक. मग त्यानंच पुढचं पाहिलं: ६ अधिक ५ म्हणजे ११, म्हणजे १. मॉड १० मधला १ दोन तुकड्यांत फुटला होता, एक तुकडा एका आयडियलचा एकक, दुसरा दुसऱ्याचा. आणि ६ गुणिले ५ म्हणजे ३०, म्हणजे शून्य. चायनीज रिमेंडर थिअरम त्या मुलानं तक्त्यातून स्वतः गाठला होता. त्यात भर म्हणजे ०, २, ४, ६, ८ हा संच स्वतःच्या एककासह चक्क फील्ड आहे, म्हणजे शून्य सोडून प्रत्येकाचा व्यस्त आतच आहे. २ चा व्यस्त ८, कारण सोळा म्हणजे ६. ४ चा व्यस्त ४. त्या तासाला पुढचा भाग शिकवायचा राहिला, आणि मला त्याची मुळीच खंत वाटली नाही.

आमच्या कॉलेजात येणारी बरीच मुलं बारावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यमातली असतात. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजीत. शंका मनात मराठीत येते आणि ती इंग्रजीत मांडता येत नाही म्हणून बसल्या जागी विरून जाते. मी पहिल्या तासालाच सांगते की संज्ञा पुस्तकातल्याच ठेवा, वाक्य मराठीत बोला. ‘आयडियल घेतला, बाहेरनं कशानंही गुणला, तर आतच पडायला पाहिजे ना?’ असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा तिनं व्याख्या पुस्तकापेक्षा चांगली सांगितलेली असते. ती पुढे इंग्रजीत लिहायला शिकतेच. आधी तिला विचारता आलं पाहिजे.

एम.एस्सी.च्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात, त्यांना रचना करून पाहायची हौस असते. दोन आयडियलांचा छेद आयडियल असतो, मग संयोग का नाही? दोनाच्या पटी आणि तिनाच्या पटी एकत्र करा. २ आहे, ३ आहे, त्यांची बेरीज ५ मात्र दोन्हींत नाही. हे झटकन होतं. गुणाकाराचा प्रश्न जरा खोल आहे. दोन आयडियलांचा गुणाकार म्हणून पुस्तकं ‘गुणाकारांच्या सगळ्या मर्यादित बेरजा’ घेतात. मुलं विचारतात, नुसते गुणाकार घेतले तर काय बिघडलं? पूर्णांकांत खरंच काही बिघडत नाही, म्हणून पुन्हा शंका योग्यच. बिघडलेलं दाखवायला पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी हव्यात. ज्यांचं स्थिरपद सम आहे अशा बहुपदींचा आयडियल घ्या. त्यात २ आहे आणि क्ष आहे. क्ष गुणिले क्ष आणि २ गुणिले २ हे दोन गुणाकार आले. त्यांची बेरीज क्ष-वर्ग अधिक ४. ही बहुपदी या आयडियलमधल्या दोन बहुपदींचा गुणाकार म्हणून लिहून दाखवा. अवयव पाडायला गेलं तर पडत नाहीत. एक अवयव १ किंवा उणे १ घ्यावा लागतो, आणि त्यांपैकी कोणीच आयडियलमध्ये नाही. म्हणजे बेरजा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

याच आयडियलचा आणखी एक उपयोग मी करून घेते. हा एका जनरेटरच्या पटींनी बनत नाही. २ आणि क्ष दोघांना भागणारी बहुपदी म्हणजे १ किंवा उणे १, आणि ते आत नाहीत. पूर्णांकांत प्रत्येक आयडियल एकाच संख्येच्या पटींचा असतो. ती सवय इथे मोडते, आणि ती मोडलेली मुलांना दिसायलाच हवी.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा प्रश्न एका मुलीनं विचारला होता: ‘आयडियलच्या आतला आयडियल हा मूळ रिंगचाही आयडियल असतो का?’ सबरिंगची सबरिंग ही सबरिंग असतेच, म्हणून इथेही होकारार्थी उत्तर असेल असं तिला वाटत होतं. मी उत्तर दिलं नाही, बहुपदींत शोध म्हटलं. चार-पाच जणांनी मिळून शोधलं. परिमेय सहगुणकांच्या बहुपदी घ्या. ज्यांत क्ष-वर्गाहून खालचं पद नाही अशा सगळ्या बहुपदींचा आयडियल घ्या. त्याच्या आत, ज्यांत क्ष-घनाचं पद नाही अशा बहुपदी वेगळ्या काढा. मोठ्या आयडियलमधल्या कुठल्याही दोन बहुपदींचा गुणाकार निदान चौथ्या घातापासून सुरू होतो, त्यात क्ष-घन येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून लहान संच हा मोठ्या आयडियलचा आयडियल झाला. पण मूळ रिंगमध्ये साधा क्ष आहे. क्ष-वर्गाला क्ष नं गुणलं की क्ष-घन, आणि तो लहान संचात नाही. उत्तर नकारार्थी. मुलगी म्हणाली, ‘म्हणजे “बाहेरचं” म्हणजे कुठलं बाहेरचं, ते दर वेळी सांगावं लागणार.’ हे तिनं इतकं नेमकं सांगितलं की मी ते फळ्यावर लिहिलं. सबरिंग स्वतःच्या आतल्या व्यवहारावर ठरते. आयडियल हा मात्र कुणाचा तरी आयडियल असतो, रिंगचं नाव घेतल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही.

मॅट्रिक्समध्ये डावा आयडियल आणि उजवा आयडियल वेगळे पडतात. ज्या दोन-बाय-दोन मॅट्रिक्सचा दुसरा स्तंभ शून्य आहे त्या सगळ्या घ्या, डावीकडून कशानंही गुणा, स्तंभ शून्यच राहतो. उजवीकडून गुणलं की बिघडतं. हे मुलांना हिशेब करून लगेच पटतं, तिथे फार वेळ घालवावा लागत नाही.

अभ्यासक्रमात नसूनही मी एक तास वेगळा काढते, कारण ‘हे सगळं सुचलं कुणाला?’ हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मार्च १८४७ मध्ये पॅरिसच्या अकादमीत लामे यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मिळाल्याचं जाहीर केलं. त्यांची पद्धत संमिश्र संख्या वापरून अवयव पाडण्याची होती. लिऊव्हिल यांनी तिथल्या तिथे शंका काढली की या नव्या संख्यांत अवयव एकाच तऱ्हेनं पडतात हे कशावरून? ती शंका रास्त होती. एर्न्स्ट कुमर यांनी पत्रानं कळवलं की तसं नेहमी होत नाही, आणि हे आपण १८४४ मध्येच छापलं आहे. या प्रकारच्या संख्यांत पहिला बिघाड २३ या मूळ संख्येपाशी होतो. गेलेली एकमेवता परत मिळवण्यासाठी कुमर यांनी ‘आदर्श संख्या’ कल्पिल्या. त्या संख्या प्रत्यक्षात नव्हत्या, पण त्या असत्या तर भाग कसा गेला असता एवढं सांगता येत होतं. त्या आधारे त्यांनी मूळ घातांकांच्या एका मोठ्या वर्गासाठी फर्माचं प्रमेय सिद्ध केलं. शंभराच्या आतले ३७, ५९ आणि ६७ एवढेच त्या वर्गाबाहेर राहिले.

२३ चं गणित फळ्यावर मावत नाही, म्हणून आम्ही उणे ५ चं वर्गमूळ घेतो. अ अधिक ब√−५, अ आणि ब पूर्णांक, अशा संख्यांची रिंग. तिच्यात ६ = २ × ३, आणि ६ = (१ + √−५)(१ − √−५). चारही अवयव आणखी फुटत नाहीत, हे नॉर्म काढून मुलं तपासतात. सहाचे अवयव दोन वेगळ्या तऱ्हांनी पडले. शाळेपासून ज्यावर विसंबून राहिलो ते इथे चालत नाही, हे पाहून काही मुलं अस्वस्थ होतात, आणि ती व्हावीत असंच मला वाटतं.

डेडेकिंड यांनी १८७१ मध्ये, डिरिश्ले यांच्या नंबर थिअरीवरच्या व्याख्यानांच्या आवृत्तीला जोडलेल्या पुरवणीत, वेगळी वाट काढली. ती कल्पित संख्या शोधत बसू नका, तिनं भाग जाणाऱ्या सगळ्या खऱ्या संख्यांचा संच घ्या. कुठल्याही संख्येच्या दोन पटींची बेरीज ही पटच असते. पटीला कशानंही गुणलं तरी पटच राहते. ‘बाहेरनं गुणलं तरी आतच’ ही अट म्हणजे पटींचा स्वभाव. फक्त आता ज्याच्या त्या पटी आहेत ती संख्या हातात नसली तरी चालतं. मागच्या बाकावरच्या ‘कशाला’ला हे दुसरं उत्तर.

मग मुलांकडून हिशेब. २ आणि १ + √−५ यांनी बनलेला आयडियल घ्या आणि त्याला त्यानंच गुणा. जनरेटरांचे गुणाकार आले ४, २ + २√−५, आणि १ + √−५ चा वर्ग म्हणजे −४ + २√−५. तिन्हींना २ नं भाग जातो. आता दुसऱ्यातून तिसरा वजा करा, ६ उरले. सहातून चार वजा करा, २ उरले. म्हणजे या आयडियलचा वर्ग हा नेमका दोनाच्या पटींचा आयडियल आहे. न फुटणारा २ आयडियलांत फुटला. तसंच ३ च्या बाबतीत केलं की सहाच्या अवयवांच्या दोन्ही तऱ्हा त्याच चार आयडियलांच्या वेगवेगळ्या जोड्या ठरतात आणि एकमेवता परत येते. हे स्वतःच्या हातानं केलेल्या मुलानं नंतर कधी सबरिंग आणि आयडियल यांत घोळ घातल्याचं मला आठवत नाही.

त्या तासात मी नोएथरबद्दल बोलते. आज आपण शिकवतो ती आयडियलची सर्वसाधारण मांडणी बव्हंशी तिची. १९१५ मध्ये ती ग्योटिंगेनला आली, पण बाई म्हणून तिला शिकवण्याचा अधिकृत हक्क मिळेना. १९१९ पर्यंत तिची व्याख्यानं हिल्बर्ट यांच्या नावानं जाहीर होत. १९३३ मध्ये ज्यू म्हणून तिची नोकरी गेली, ती अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात शिकवू लागली आणि १९३५ मध्ये वारली. माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली असतात. त्यांना हे माहीत असणं मला आवश्यक वाटतं.

आणि श्रीराम अभ्यंकरांबद्दलही. जन्म १९३० चा, उज्जैनचा. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात बैजिक भूमितीत जगभर गाजलेलं काम केलं आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. बहुपदी हातानं हाताळण्यावर, शाळेतल्या बीजगणितावर त्यांचा मोठा भर असे. त्यांच्या क्षेत्रात आयडियल थेट डोळ्यांना दिसतो. कागदावर वर्तुळ काढा. त्या वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर ज्यांची किंमत शून्य होते अशा दोन चलांतल्या सगळ्या बहुपदी गोळा करा. अशा दोन बहुपदींची बेरीज तिथे शून्यच. अशा बहुपदीला दुसऱ्या कुठल्याही बहुपदीनं गुणा, वर्तुळावर किंमत शून्यच राहणार. हा आयडियल आहे, आणि तो तपासायला एक ओळही लागत नाही. उलट स्थिर संख्या घ्या, ३ किंवा ७. त्या आपसांत सबरिंग आहेत, पण ३ ला क्ष नं गुणलं की स्थिर राहिला नाही. फरक पुन्हा समोर.

परीक्षेत मात्र अजूनही येतं ते ‘दोन आयडियलांचा छेद आयडियल असतो हे सिद्ध करा’. पाच गुण. चार ओळींची ती सिद्धता मुलं आयडियल म्हणजे काय हे न कळताही बिनचूक लिहितात. त्याऐवजी ‘परिमेय संख्यांत पूर्णांकांनी भागून क्वोशंट रिंग का होत नाही, उदाहरणानं दाखवा’ असा प्रश्न काढला, तर तेवढ्याच गुणांत कळलं की नाही ते समजेल. पेपर काढण्याची जबाबदारी आली की मी असा एक तरी प्रश्न घालते. तपासताना त्याची उत्तरं वाचायला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

हा विषय शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे. रिंगमध्ये १ धरला आहे की नाही, हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा आणि सत्रभर तेच पाळा. आयडियलची व्याख्या देण्याआधी अपूर्णांकांचा तो बिघडलेला गुणाकार मुलांकडून करून घ्या. पूर्णांकांच्या पटींवर थांबू नका, त्याच आठवड्यात बहुपदींकडे जा. आणि मुलांनो, पुस्तक कुठलंही उघडा, त्यातली रिंगची व्याख्या आधी वाचा, तिच्यात एकक आहे का ते पहा, आणि वर्गात विचारायचं असेल तर मराठीत विचारा.